काशाचा नाद

ड्रमसंच वाजवायला नव्याने शिकणाऱ्या वादकाची पहिली खरी अडचण ढोलांपाशी येत नाही; ती झांजांपाशी येते. ढोलाचे कातडे सैल झाले तर ताणता येते, फाटले तर बदलता येते, आणि हलक्या लाकडाच्या ढोलातूनही जाणता हात बरा नाद काढून घेतो. झांजेचे तसे नाही. भट्टीतून निघताना आणि हातोड्याखालून जाताना तिला जो स्वर मिळाला तोच तिचा जन्मभराचा स्वर. तिला खुंटी नाही, गठ्ठा नाही, शाई नाही. वाईट झांज चांगली करण्याचा उपाय वादकाच्या हाती जवळजवळ नसतोच. ती बदलावी लागते, आणि बदलणे खर्चाचे असते. म्हणून बंगळुरासारख्या शहरात, जिथे गेल्या चार-पाच दशकांत पाश्चात्य पद्धतीच्या वृंदवादनाने चांगले मूळ धरले आहे, अनुभवी वादक नवख्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगताना आढळतात : ढोल कसेही चालतील, झांजा मात्र पारखून घ्या, आणि एकदम घेऊ नका.

हा सल्ला वरवर पाहता बाजारातला वाटतो. कोणती झांज आधी घ्यावी, कोणती मागाहून, किती इंचांची, कोणत्या धातूची, असे त्याचे स्वरूप असते. पण या क्रमामागे एक दीर्घ इतिहास उभा आहे. मराठी वाचकाला त्याचे विशेष कुतूहल वाटावे, कारण त्या इतिहासाचे काही धागे देवगिरीपासून तंजावरपर्यंत आणि बेळगावपासून बंगळुरापर्यंत मराठी माणसांच्या हातांतून गेले आहेत.

आधी धातूचा विचार केला पाहिजे, कारण झांजेचा स्वभाव धातूने ठरतो. आपण सैलपणाने टाळाला आणि झांजेला 'पितळी' म्हणतो, आणि पुष्कळ टाळ पितळेचे असतातही. परंतु पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्याचा नाद लवकर विझतो आणि विझताना थोडा खरखरतो. उत्तम झांजेचा धातू म्हणजे काशे, तांबे आणि कथील यांचा मिलाफ. शंभर भागांत सुमारे ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथील, हे प्रमाण जगभरच्या नामांकित झांजांत आज आढळते. कथलाचा अंश इतका वाढला की धातू नादाला अतिशय उत्तम आणि घडवायला अतिशय कठीण होतो. थंड असताना त्यावर हातोडा मारला तर तो काचेसारखा तडकतो. लाल होईपर्यंत तापवला म्हणजे मात्र वळतो, पसरतो. आणि त्याच तापलेल्या अवस्थेत पाण्यात बुडवून एकदम गार केला तर त्याचा ठिसूळपणा बराचसा जातो. लोहाराच्या अनुभवाच्या हे नेमके उलट आहे. पोलादाला पाणी दिले की ते कडक आणि ठिसूळ होते. काशाला पाणी दिले की ते सोशीक होते. हे रहस्य ज्याला सापडले त्याला झांज सापडली.

ते कोणाला आणि केव्हा सापडले याविषयी इस्तंबूलच्या एका आर्मेनियन किमयागाराची कथा जगभर सांगितली जाते. अवेदिस नावाच्या या कारागिराने १६२३ साली तेथे झांजा घडवण्याचा कारखाना काढला. तुर्की भाषेत 'झिल' म्हणजे झांज. 'झिल्जी' म्हणजे झांजा घडवणारा. त्याला आर्मेनियन वंशवाचक प्रत्यय लागून 'झिल्जियान' हे आडनाव झाले. मराठीत एखाद्याने 'टाळकर' आडनाव घ्यावे, तसाच हा प्रकार. या घराण्याचा कारखाना १९२९ मध्ये अमेरिकेत गेला, आणि आज बंगळुरातील वाद्यांच्या दुकानात नवख्या वादकाच्या समोर जी नावे ठेवली जातात त्यांत हे नाव अग्रभागी असते. त्याच घराण्यातील एका भावाने वेगळे होऊन १९८१ मध्ये कॅनडात 'साबियन' हा कारखाना काढला. स्वित्झर्लंडची 'पाइस्ते', जर्मनीची 'माइन्ल' आणि इस्तंबुलातच मागे राहिलेल्या कारागिरांचे कारखाने ही दुसरी प्रसिद्ध नावे.

मात्र काशाला पाणी देण्याची विद्या या कथेपेक्षा फार जुनी आहे. नागपूरजवळच्या माहूरझरी येथे महापाषाणयुगीन दफनांत ज्या काशाच्या वस्तू मिळाल्या, त्यांत कथलाचे प्रमाण असेच मोठे असून त्या तापवून ठोकलेल्या आणि पाण्यात गार केलेल्या आहेत, असे धातुपरीक्षणातून दिसून आले आहे. त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. निलगिरी आणि तमिळनाडूतील आदिचनल्लूर येथील भांडी याच जातीची. केरळातील काही कारागीर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही पद्धत सांभाळून होते. त्यांच्या कामाचा आणि प्राचीन वस्तूंचा संबंध जोडून दाखवणाऱ्या संशोधकांत शारदा श्रीनिवासन यांचे नाव प्रमुख आहे. बंगळुरातील राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत त्यांनी प्राचीन धातुविद्येचा अभ्यास केला. त्या स्वतः भरतनाट्यमच्या जाणकार नर्तकी आहेत, हा योगायोग या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण म्हटला पाहिजे. विदर्भ आणि इस्तंबूल यांपैकी कोणी कोणाकडून घेतले हा वाद येथे उपस्थित करण्याचे कारण नाही. काशाचा गुण ज्यांनी ज्यांनी चिकाटीने पाहिला त्यांना तो सापडला, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

धातू एक असला तरी त्याच्याकडून घ्यायचे काम सर्वत्र एक नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत, आणि घनवाद्य म्हणजे ताल अशीच त्या वर्गाची ओळख करून दिली आहे. ताल हा शब्द कालगणनेलाही आणि हातातल्या काशाच्या जोडीलाही लागू पडावा, ही गोष्ट लहान नाही. वाद्य आणि वेळ यांना येथे एकच नाव आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी राहून शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याच्या वाद्याध्यायात ताल, कांस्यताल, घंटा, क्षुद्रघंटा, जयघंटा अशी घनवाद्यांची मालिका वर्णिली आहे. यातला ताल मराठीत येऊन टाळ झाला. कांस्यतालाचे वंशज गोव्यात आणि कर्नाटकात सापडतात. गोव्यात आरतीच्या वेळी घुमट आणि शामेळ यांच्या जोडीला वाजते ते कासाळे. आणि मैसूर, मंड्या, चामराजनगर या भागांत मलेमहादेश्वराचे भक्त वाजवतात ते कंसाळे. या कंसाळ्याची घडण मोठी विलक्षण आहे. डाव्या तळहातात वाटीसारखा खोलगट भाग आणि उजव्या हातात दोरीला बांधलेली चपटी चकती. ही चकती नाचणारा भक्त डोक्याभोवती, पाठीमागे, पायाखालून फिरवून नेमकी मात्रेवर वाटीवर आणून आदळतो. एवढ्या झेपा घेऊनही मात्रा चुकत नाही, यातच त्या कलेचा कस आहे. शोभा पुष्कळ आहे, पण ती कालाच्या शिस्तीत बांधलेली आहे.

वारकऱ्याच्या टाळाविषयी वेगळे सांगायला नको. मृदंग एक असतो, वीणा एक असते. टाळकरी मात्र अनेक असतात, आणि त्या अनेकांचा हात एका क्षणी पडतो म्हणून दिंडीचे पाऊल पडते. तरीही टाळकऱ्याला मान असा फारसा मिळाला नाही. 'टाळ कुटणे' हा वाक्प्रचार मराठीत निरुद्योगी माणसाची संभावना करण्यासाठी वापरला जातो. तमिळमध्ये तर छोट्या झांजेला 'जालरा' म्हणतात आणि जालरा वाजवणे म्हणजे थोरामोठ्यांची खुशामत करणे. ज्याच्या आधारावर सगळे उभे असते त्याचीच थट्टा करण्याची ही रीत दोन्ही भाषांना सारखीच अवगत असावी, याची गंमत वाटते. तिचे कारण बहुधा असे की कालदर्शक वाद्य नीट वाजत असते तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. चुकते तेव्हाच ऐकू येते.

बंगळुराचा या परंपरेशी संबंध येतो तो शहाजीराजांच्या काळापासून. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने केम्पेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. १६६४ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत बंगळूर हे त्यांचे मुख्य ठाणे होते. जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यातून त्या दरबाराचे बहुभाषिक, गुणिजनांनी गजबजलेले रूप दिसते. पुढे एकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि मराठ्यांच्या या शाखेचे केंद्र तिकडे सरकले. बंगळूर १६८७ मध्ये मोगलांच्या हाती गेले व लगेच मैसूरच्या चिक्कदेवराजांकडे आले. बंगळुरातून उठलेल्या या मराठी राज्याच्या छायेत तंजावरला जे सांगीतिक वैभव जमले, त्यात झांजेच्या दृष्टीने दोन घटना महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली, मराठी कीर्तनाचे दक्षिणेतील रोपण. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांची पद्धत तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी आत्मसात करून तमिळ हरिकथेला नवा घाट दिला. साकी, दिंडी, ओवी ही वृत्तनामे त्या हरिकथेत आजही तशीच राहिली. भागवतरांच्या हातात चिपळ्या आल्या आणि मागच्या साथीदाराच्या हातात जालरा. ही कथा कन्नड मुलखाला अपरिचित नव्हती, कारण पुरंदरदासांपासून हरिदासांच्या हातात चिटिके होतेच आणि त्यांच्या ओठी पंढरीचा विठ्ठलही होता. बंगळुराच्या जुन्या पेठेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी या मराठी भाषक समाजांनी विठ्ठलभजनाबरोबर टाळही जपला.

दुसरी घटना अधिक दूरगामी. सरफोजी दुसरे यांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) तंजावर दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आजच्या भरतनाट्यमच्या प्रयोगाचा क्रम त्यांनी बांधला. या नृत्याचे सूत्र ज्याच्या हाती असते तो नट्टुवनार, आणि त्याच्या हातातील जोडी म्हणजे ताळम. तिचे दोन भाग एका धातूचे नसतात. एक पोलादाचा आणि दुसरा काशाचा; परंपरा एकाला शिव आणि दुसऱ्याला शक्ती मानते. पोलादाच्या कडेने काशावर आघात केला की नाद खुला राहतो, दाबून धरला की बंद होतो. खुला आणि बंद या दोन नादांच्या भाषेत नट्टुवनार नर्तकीच्या प्रत्येक पदाघाताचे प्रतिबिंब उमटवतो आणि त्याच वेळी तोंडाने जती म्हणतो. या चार भावांपैकी चिन्नय्या मैसूरच्या वाडियार दरबारी गेला, आणि नट्टुवांगाची ती विद्या कर्नाटकात रुजली. बंगळुरातून निघालेल्या घराण्याच्या आश्रयाने वाढलेली कला अशी दीड शतकाने फिरून बंगळुराच्या परिसरात आली. याच सरफोजीराजांच्या पदरी पाश्चात्य वाद्यांचा बँडही होता. एकाच राजवाड्यात एका दालनात ताळम आणि दुसऱ्या दालनात बँड, हे दृश्य पुढच्या काळाची नांदी म्हणता येईल.

युरोपात झांज आली ती तुर्कांच्या फौजेबरोबर. जानिसरी सैन्याच्या बँडचा दरारा युरोपीय राजांना इतका वाटला की अठराव्या शतकात त्यांनी आपल्या पलटणींत तसलेच बँड उभे केले. तेथून झांज नाट्यगृहात शिरली. ग्लुकने १७७९ मध्ये, मोझार्टने १७८२ मध्ये आपल्या संगीतिकांत आणि हेडनने १७९४ मध्ये आपल्या 'लष्करी' सिंफनीत ती वापरली. पण कशासाठी? तुर्कांचा, रानटी टोळ्यांचा, युद्धाचा भास उत्पन्न करण्यासाठी. झांज हा तेथे रंग होता, स्फोट होता, नाट्यमय क्षणाची खूण होती. वाद्यवृंदातील झांजवादक शंभर-दोनशे मात्रा मोजत स्वस्थ बसतो आणि मग एकदाच उठतो. काल सांभाळण्याचे काम संचालकाच्या हातातल्या छडीकडे गेलेले असते. आपल्याकडे जे वाद्य वेळेचेच नाव धारण करते, ते तिकडे वेळेच्या बाहेर उभे राहिले.

हीच तुर्की झांज इंग्रजी पलटणींच्या बँडमधून बंगळुरात पोहोचली. १८०९ मध्ये इंग्रजांनी आपली छावणी श्रीरंगपट्टणहून येथे हलवली, आणि शहराचे दोन भाग झाले : जुनी पेठ आणि छावणी. पेठेत टाळ, छावणीत झांज. कब्बन उद्यानातल्या बँडस्टँडपासून क्लबांच्या नृत्यशाळांपर्यंत छावणीचे संगीत वाढत गेले. त्यात अँग्लो-इंडियन आणि गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. ही दोन शहरे एकमेकांचे संगीत ऐकत नव्हती असे नाही. पण एकमेकांचे वाद्य हातात घेण्याचा प्रसंग मात्र फार उशिरा आला.

दरम्यान अमेरिकेत झांजेचे भाग्य पालटले, आणि ते पालटण्याचे कारण काटकसर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स आणि इतर शहरांतील नृत्यगृहांच्या चिंचोळ्या जागेत तीन वादकांना बसवायला जागा नव्हती आणि त्यांना द्यायला पैसा नव्हता. मोठा ढोल, लहान ढोल आणि झांज ही तिघांची कामे एकाने करावीत म्हणून ड्रमसंच जन्मला. १९०९ मध्ये लुडविग बंधूंनी मोठ्या ढोलासाठी उपयुक्त पायटा बाजारात आणला आणि वादकाचे हात मोकळे झाले. मग दुसरा पाय तरी रिकामा का ठेवावा? पायाने मिटणारी झांजांची जोडी निघाली. ती आरंभी जमिनीलगत होती, आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात दांडा उंच करून हाताच्या कक्षेत आणली गेली. तिचे नाव हाय-हॅट. समोरासमोर ठेवलेल्या दोन चकत्या, मिटल्या की बंद नाद, उघडल्या की खुला नाद. टाळ ज्याने पाहिला आहे त्याला या यंत्राचा परिचय करून द्यावा लागत नाही. तो पायाने वाजवण्याचा टाळच आहे. काउंट बेसीच्या वृंदात जो जोन्स याने १९३० च्या दशकात या हाय-हॅटवर अखंड लय चालवून दाखवली. त्यानंतर १९४० च्या सुमारास केनी क्लार्कने लय मोठ्या ढोलावरून काढून वर टांगलेल्या रुंद झांजेवर नेली, तीच राइड. झांज रंगाकडून कालाकडे आली. भरताने जेथे तिला बसवले होते तेथे ती अमेरिकेतल्या धुरकट नृत्यगृहांतून वळसा घेऊन पोहोचली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

नवख्याला दिला जाणारा क्रम याच इतिहासातून आला आहे. प्रथम चौदा इंचांची हाय-हॅट. मग वीस इंचांची राइड. ही दोन वाद्ये लय सांभाळणारी. तासाच्या वादनात त्यांवर हजारो आघात पडतात, म्हणून उपलब्ध पैशातील मोठा हिस्सा यांच्यावर खर्चावा असे जाणते सांगतात. तिसरी क्रॅश, सोळा किंवा अठरा इंचांची, वाक्याच्या अखेरीला एकदा उसळून विझणारी. हा जुना युरोपीय रंग. सहा ते बारा इंचांची स्प्लॅश आणि उलट्या काठाची कर्कश चायना ही त्यापुढची चैन. प्रत्यक्षात मात्र नवख्याचे मन क्रॅशकडे आणि चायनाकडे आधी धावते. बंगळुराच्या पॅलेस मैदानावर २००७ मध्ये आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटालिका यांचे जलसे झाले, तेव्हा हजारो तरुणांनी झांजांची जी तटबंदी पाहिली तिने अनेकांच्या डोळ्यांत घर केले असल्यास नवल नाही. आयर्न मेडनचा निको मॅकब्रेन तर झांजांच्या आणि ढोलांच्या आड जवळजवळ दिसेनासा होत असे. पण तीस-चाळीस वर्षांच्या वादनाने एकेक करून जमा झालेला तो संसार असतो. तो पहिल्या वर्षी मांडू पाहणाऱ्याच्या पदरी पुष्कळ गोंगाट आणि रिकामा खिसा पडतो.

आधीच्या पिढीला हा मोह परवडणाराच नव्हता. १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांच्या काळात परदेशी झांज मिळवणे हे एक दिव्य होते. कोणा नातलगाच्या सामानातून, एखाद्या खलाशाकडून, नाही तर दौरा आटोपून परतणाऱ्या वृंदाकडून विकत घेतलेली एखादी राइड वर्षानुवर्षे हातोहात फिरत राही. बाकीचा संच लग्नाच्या बँडसाठी मेरठसारख्या ठिकाणी होणाऱ्या पितळी झांजांनी पुरा करावा लागे. या झांजा मिरवणुकीत उघड्या रस्त्यावर दुरून ऐकू याव्यात म्हणून घडवलेल्या. त्यांच्याकडून बंद खोलीत राइडचे बारीक बोल कसे निघावेत? आज परिस्थिती पालटली आहे. आठ टक्के कथलाच्या पत्र्याच्या झांजा तुलनेने स्वस्त मिळतात आणि वीस टक्क्यांच्या, एकेक ओतून घडवलेल्या झांजाही दुकानात असतात. निवड वाढली, पण पारख आपोआप वाढत नाही. टंचाईच्या काळातील वादक एकाच झांजेच्या घुमटीवर, मध्यावर, काठावर, काडीच्या टोकाने आणि अंगाने वाजवून चार झांजांचे काम काढून घेत. हा गुण सुबत्तेत दुर्मिळ होत चालल्याचे दिसते.

पेठ आणि छावणी यांची गाठ बंगळुरात पडली ती कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनसारख्या संस्थांमुळे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा कारभार टी. ए. एस. मणी यांनी दीर्घकाळ पाहिला. १९८३ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांच्यासह संस्थेच्या वादकांनी 'ज्योती' ही ध्वनिमुद्रिका केली. 'ह्यूमन बाँडेज' या रॉकवृंदात ड्रम्स वाजवणारे रमेश शोतम यांनी याच संस्थेत तविलचे शिक्षण घेतले आणि पुढे जर्मनीत स्थायिक होऊन ड्रमसंच, तविल आणि घटम् एकत्र वाजवले. ड्रमवादकाने कोन्नकोल शिकावे, म्हणजे मुखाने जती म्हणाव्यात, हा पाठ येथून पसरला. त्याचा परिणाम झांजांवर झाला. डाव्या पायाने हाय-हॅटवर आदितालाच्या मात्रा किंवा मिश्र चापूच्या सात मात्रांची वाटणी धरायची आणि हातांनी जती बोलायच्या : ही नट्टुवनाराचीच भूमिका झाली, केवळ ताळम हातातून पायात गेला. अशा वादकाला हाय-हॅट कोरडी, तोकड्या नादाची लागते, कारण लांबलेला नाद पुढच्या अक्षरावर सांडतो. म्हणजे झांजेची निवडही पुन्हा तालाकडून ठरते, छापील यादीकडून नव्हे.

झांजेचा स्वर बदलता येत नाही हे आरंभीचे विधान ज्या वादकाने जवळजवळ खोटे पाडले त्याची कथा येथे सांगितलीच पाहिजे. शोभा गुर्टू या ठुमरीच्या थोर गायिकेचा जन्म १९२५ मध्ये बेळगावचा, माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू १९५१ मध्ये मुंबईत जन्मले, तबल्यावर वाढले आणि ड्रमसंच बव्हंशी स्वतःच शिकले. परदेशी ध्वनिमुद्रिकांत एकावर एक थर चढवून मुद्रण केले जाते हे त्यांना प्रथम ठाऊक नव्हते; ऐकू येईल ते सगळे एकच माणूस वाजवतो अशा समजुतीने त्यांनी ते सगळे एकट्याने वाजवायचा प्रयत्न केला. पुढे ते पाश्चात्य पद्धतीची बैठक सोडून जमिनीलगत बसून वाजवू लागले. तबला, ढोल आणि झांजा हाताशी येतील असा संच त्यांनी मांडला. आणि त्यात त्यांनी पाण्याची बादली ठेवली. वाजत असलेली झांज पाण्यात उतरवली की पाण्याचा भार तिच्या कंपनांना ओढतो, स्वर खाली घसरत जातो आणि विझतो. वर काढली की उलटा चढतो. काशाला पाणी देण्याची जुनी क्रिया कारागिराच्या अंगणातून रंगमंचावर आली, असे कोणी म्हणेल. १९८८ च्या 'उसफ्रेत' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत शोभाताईंचा स्वर आहे. आई ठुमरीत जी मींड घेई ती मुलाने धातूकडून काढून घेतली, यात नवलाइतकेच वंशपरंपरेचेही काही असावे.

प्रत्येकाला बादली साधत नाही, आणि साधायचे कारणही नाही. नवख्याच्या संचाचे परिष्करण साध्या गोष्टींतून होते. राइडचा नाद फार फैलावत असेल तर तिच्या पोटाला चिकटपट्टीचा लहानसा तुकडा; काहीसा झिरझिरीत हवा असेल तर घुमटीवरून सोडलेली बारीक साखळी. वरचा नट घट्ट आवळला तर झांज हलत नाही, आघाताचा सगळा भार एका जागी घेते आणि तडकते. म्हणून तो सैल ठेवावा लागतो. काडी समोरून न मारता बाजूने निसटती मारावी लागते. हाय-हॅटची जोडी एकाच वजनाची नसावी, खालची जड असावी म्हणजे मिटताना टणक बोल येतो. नट्टुवनाराच्या पोलादाची आणि काशाची जोडी हेच सांगत होती. दुकानात झांज ऐकताना ती एकटी ऐकून चालत नाही. आपल्या घरच्या दोन झांजा पिशवीतून नेऊन त्यांच्या शेजारी नवी टांगून ऐकावी लागते, कारण एकटी गोड लागणारी झांज सोबतीत कर्कश ठरते, आणि पुष्कळदा उलटही घडते. बंगळुरातील दुकानदार या पाहुण्या झांजांना आता सरावले आहेत.

आणि तरीही झांज केव्हा तरी तडकतेच. काठापासून आत जाणारी बारीक भेग पडली की तिच्या टोकाशी छिद्र पाडतात, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. पसरलीच तर काठ कापून अठराची सोळा, सोळाची बारा अशी लहान झांज करून घेतात. तेही संपले की दोन तडकलेल्या झांजा एकावर एक ठेवून एकाच दांड्यावर बसवतात. वादकांच्या बोलीत त्याला 'स्टॅक' म्हणतात. दोन्ही चकत्या एकमेकींना दाबून धरतात, फैलाव सगळा मरतो, आणि काडी पडताच एक आखूड, कोरडा, ठाम नाद निघतो. दिंडीत मिटल्या हातांनी वाजवलेल्या टाळाच्या नादाशी तो इतका जुळतो, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोहोंतला फरक चटकन सांगता येऊ नये.